जातें, उखळ आणि ओवी : गृहोपकरणांच्या स्थित्यंतराविषयीं कांहीं विचार

(१)

या त्रैमासिकाच्या वाचकांस सनदा, महजर, निवाडपत्रें, शकावल्या आणि पोथ्या यांची संवय आहे. आज आम्ही त्यांच्यापुढें जें साधन ठेवीत आहोंत तें कागदाचें नसून दगडाचें आहे. त्यावर अक्षर नाहीं, मोर्तब नाहीं, कालोल्लेखही नाहीं. तथापि ज्या घराच्या माळ्यावर आपण दप्तरें शोधतों, त्याच घराच्या जमिनीवर तें शेंकडों वर्षें फिरत होतें, आणि त्याच्याभोवतीं एक वाङ्मय वाढत होतें. हें साधन म्हणजे जातें होय.

लेखाचें निमित्त असें. कांहीं वर्षांपूर्वीं कृष्णाकांठच्या एका गांवीं जुन्या वाड्यांत पोथ्या पाहण्याचा योग आला. यजमानांनीं माळ्यावरून तीन रुमाल काढून दिले. त्यांत एक सटीक अमरकोश, कांहीं स्तोत्रें आणि व्रतकथांचें एक खंडित बाड निघालें. आम्हीं पत्रसंख्या, लेखनकाल आणि लेखकाचें नांव रीतीप्रमाणें टिपून घेतलें. परसदारीं उतरतांना पाय ज्या पायरीवर पडला, तिच्या मधोमध एक वाटोळें छिद्र दिसलें. ती जात्याची वरची तळी होती. घरांतील वृद्ध बाई म्हणाल्या, "गिरणी आल्यावर त्याचा उपयोग राहिला नाहीं, म्हणून पायरींत बसविलें. आमच्या सासूबाई त्यावर पुष्कळ ओव्या म्हणत." कोणत्या, असें विचारतां त्यांस एकही आठवेना. आम्ही पोथ्यांची यादी घेऊन परत आलों. त्या दगडाचें माप घेतलें नाहीं, आणि त्या बाईंस दुसरा प्रश्नही केला नाहीं. संशोधक म्हणवून घेणाऱ्याच्या हातून झालेली ही चूक पुढें आम्हांस बोचूं लागली. प्रस्तुत लेख हें तिचें अल्पसें प्रायश्चित्त आहे.

(२)

गृहोपकरणांचें अत्यंत आटोपशीर असें एक सूचिपत्र धर्मशास्त्रांत आहे, याकडे प्रथम लक्ष वेधावेसें वाटतें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या घरांतील पांच सूना, म्हणजे प्राणिवधाचीं स्थानें, सांगितलीं आहेत. चुल्ली, पेषणी, उपस्कर, कंडनी आणि उदकुंभ हीं तीं पांच. मराठींत सांगावयाचें तर चूल, दळण्यावाटण्याचा दगड, केरसुणी वगैरे साहित्य, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. यांच्या योगानें नकळत सूक्ष्म जीव मरतात व गृहस्थास पाप लागतें. तें जावें म्हणून त्यानें नित्य पंचमहायज्ञ करावे, असें स्मृतिकारांचें सांगणें आहे.

आम्हीं हें प्रकरण अनेक विद्यार्थ्यांस शिकविलें. परंतु त्यांतील एक गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. पांचही उपकरणें स्त्रीच्या हातचीं आहेत. पाप मात्र गृहस्थाच्या नांवें लिहिलें आहे, आणि त्याच्या निष्कृतीचें पुण्यही त्याच्याच नांवें. चुलींत आणि जात्यांत किती किडे मरतात याचा हिशेब शास्त्रकारांनीं ठेवला. पहाटेपासून किती हात झिजतात याचा हिशेब ठेवण्याचें त्यांस कारण पडलें नाहीं.

वैदिक वाङ्मय याविषयीं इतकें मुकें नाहीं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील अठ्ठाविसाव्या सूक्तांत उखळ-मुसळांचें स्तवन आहे. उखळ घरोघरीं जुंपलेलें असतें असें तेथें म्हटलें असून त्याच्या आवाजास विजयी वीरांच्या दुंदुभीची उपमा दिली आहे; मुसळ वरखालीं करण्याची क्रिया शिकणारी स्त्रीही त्या सूक्तांत येते. नवव्या मंडलांत एक कवि आपल्या घरची माहिती देतो: आपण कारु म्हणजे स्तोत्रें रचणारा, बाप वैद्य, आणि आई दगडावर धान्य दळणारी. कवीनें आईचा व्यवसाय बापाच्या व्यवसायाच्या जोडीनें सांगावा, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तैत्तिरीय संहितेंत दहा यज्ञायुधें सांगितलीं आहेत. त्यांत सूप, उखळ, मुसळ, दृषद् आणि उपला हीं निम्मीं आयुधें घरच्या दळणकांडणाचीं आहेत. पुरोडाशाचें पीठ दासीनें किंवा पत्नीनें दळावें असें आपस्तंबाच्या श्रौतसूत्रांत आहे. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणें विवाहाच्या अग्नीच्या पश्चिमेस दृषद् हा दगडच ठेवतात. नववधूनें ज्या दगडाप्रमाणें स्थिर व्हावें अशी प्रार्थना करावयाची, तोच तिच्या पुढील आयुष्यांतील कामाचाही दगड होता.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. दृषद् आणि उपला ही जोडी म्हणजे आजचें जातें नव्हे. खालचा दगड स्थिर, आणि वरचा दोन्ही हातांनीं पुढेंमागें सरकवावयाचा, अशी ती रचना होती. आपल्या पाट्यावरवंट्याशीं तिचें नातें आहे. जुन्या ग्रंथांत धान्य दळल्याचा उल्लेख दिसतांच तेथें फिरतें जातें होतें असें मानूं नये.

(३)

फिरतें जातें हें त्यामानानें अलीकडचें. प्रा. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखालीं नेवासे येथें १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन झालें. तेथें सातवाहनकालीन व रोमन व्यापाराच्या काळच्या वस्तूंबरोबर फिरत्या जात्यांचे दगडही मिळाले. तेव्हां महाराष्ट्रांत या यंत्राचें वय सुमारें दोन हजार वर्षें धरण्यास हरकत दिसत नाहीं. यंत्र हा शब्द आम्हीं मुद्दामच योजला आहे. सरकत्या दगडाच्या ठिकाणीं फिरता दगड आला, ही गृहोपकरणांतील फार मोठी क्रांति होय. खालची तळी स्थिर, मधोमध खिळा, त्यावर वरची तळी, तिला वैरण्याचें तोंड आणि धरण्यास लांकडी खुंटा, इतकेच त्याचे अवयव. मूठभर धान्य मध्यें पडावें आणि पीठ होऊन कडेनें बाहेर यावें. दोघींनीं समोरासमोर बसून एकच खुंटा धरतां येत असल्यामुळें श्रम वांटले गेले. दगड गुळगुळीत झाला म्हणजे टाकी लावून तो पुन्हा खरबरीत करावा लागे, आणि त्यावर गांवोगांव फिरणाऱ्या कष्टाळू लोकांचें पोट चाले.

तरीही श्रम कमी नव्हते. आमच्या लहानपणीं घरीं नऊ माणसें होतीं. मातोश्री व आमची एक चुलती पहाटे चारच्या सुमारास जात्यावर बसत, आणि उजाडेपर्यंत दळण संपे. नंतर चूल, पाणी, कांडण हीं होतींच. विधवा स्त्रीनें दळणकांडण करून मुलांस शिकविलें, हें वाक्य गेल्या शतकांतील किती तरी चरित्रांत येतें. आपण तें वाचून पुढें जातों. लोकांचें दळण दळून मिळणारी मजुरी हें अनाथ स्त्रीचें बहुधा एकमेव उत्पन्न असे, हें त्या वाक्याचें अर्थशास्त्र आहे.

भाषेनेंही हीं उपकरणें जपून ठेविलीं आहेत. जात्यांतले रडतात आणि सुपांतले हसतात. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. एखाद्याचें उखळ पांढरें होतें. उखळांत डोकें घातल्यावर मुसळाची भीति धरून चालत नाहीं. ज्या मुलांनीं उखळ पाहिलेलें नाहीं तींही हें बोलतात. उखळ पांढरें होण्याचा आणि घरांत कांडण्यास भरपूर तांदूळ असण्याचा संबंध त्यांस समजावून द्यावा लागतो, हें आम्हीं वर्गांत अनेकदां अनुभविलें आहे.

(४)

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिंतामणि या संस्कृत ग्रंथाचा काळ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ असा आहे. महाराष्ट्रांत स्त्रिया ओवी गातात, असा उल्लेख त्याच्या संगीतविषयक भागांत आहे. ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२. म्हणजे ज्ञानदेवांनीं ज्या छंदाचें नांव चिरस्थायी केलें तें नांव त्यांच्यापूर्वीं १६१ वर्षें स्त्रियांच्या कामाच्या गाण्यास रूढ होतें. हा उल्लेख अभ्यासकांस परिचित आहे. परंतु त्यांतील एका शब्दाकडे व्हावें तितकें लक्ष झालेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें. ओवी केव्हां गावयाची, तर सोमेश्वर म्हणतो, कंडनाच्या वेळीं. पेषणाच्या वेळीं असें तो म्हणत नाहीं. आज आपण "जात्यावरची ओवी" म्हणतों. त्याच्या कानावर आली ती उखळावरची.

एवढ्यावरून त्या काळीं जात्यावर ओवी नव्हती असा निष्कर्ष काढणें धाडसाचें होईल. एका उल्लेखावर इतका भार घालूं नये. मात्र ओवी एकाच उपकरणास बांधलेली नव्हती, इतकें निश्चित म्हणतां येतें. उखळ असो कीं जातें असो, तिला तीन गोष्टी लागत: बराच वेळ चालणारें काम, हातांची एकसारखी लय, आणि शक्य तर समोर बसलेली दुसरी स्त्री. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, लेंकराचें कौतुक, पाऊसपाणी, गांवांतील बऱ्यावाईट गोष्टी हें सर्व त्या लयींत बसत असे. पुरुषांसमोर जें बोलतां येत नसे तें दगडास सांगतां येई. ज्यांस लिहितां येत नव्हतें त्यांचें हें दप्तर, आणि त्यांत ज्या नोंदी आहेत त्या आपल्या कोणत्याही रुमालांत सांपडावयाच्या नाहींत.

पांचही सूनांवर राबणाऱ्या असंख्य स्त्रियांपैकीं नांवानिशीं वाङ्मयांत आली ती बहुधा जनाबाईच. ती नामदेवांच्या घरची दासी. विठ्ठल तिच्यासवें दळूं लागला ही कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि पंढरपुराजवळ गोपाळपुरास तिचें म्हणून एक जातें दाखवितात. त्या दगडाची प्राचीनता सिद्ध करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, देवानें खुंट्यास हात लावावा अशी कल्पना ज्या समाजाच्या मनांत आली, त्यास त्या खुंट्याचा भार ठाऊक होता.

(५)

हा भार प्रथम पिठाच्या गिरणीनें उचलला. ती घरांत आली नाहीं. दळण घराबाहेर गेलें. शहरांत विजेवर आणि खेड्यांत तेलाच्या इंजिनावर गिरण्या चालूं लागल्या. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि पुढील काळांत या देशी इंजिनांचा आवाज गांवोगांव परिचयाचा झाला. आमच्या गांवीं गिरणी आल्यावरही नैवेद्याचें व श्राद्धाचें पीठ पुष्कळ दिवस घरच्या जात्यावरच निघत असे, कारण गिरणींत कोणाचें पीठ कोणाच्या पिठांत मिसळेल याचा नेम नव्हता. परंतु डब्यांची रांग हळूहळू सर्वांस एके ठिकाणीं आणूं लागली, हाही एक परिणामच म्हणावा लागेल.

मागून इतर उपकरणें आलीं. स्वीडनमध्यें लिंडक्विस्ट यानें १८९२ सालीं काढलेला प्राइमस स्टोव्ह आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतका रुळला कीं "प्राइमस" हें स्टोव्हचेंच नांव होऊन बसलें. १९५५ पासून मुंबईंत सिलिंडरांतील गॅस मिळूं लागला. वाफेच्या दाबानें अन्न शिजविण्याचें पात्र देनी पापें यानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस दाखविलें होतें. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे कुकर १९५९ पासून निघूं लागले. म्हणजे कल्पनेस आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येण्यास २८० वर्षें लागलीं. परदेशी मिक्सर आपली ओली डाळ आणि सुकी हळद वाटण्यास अपुरे पडत. ती उणीव ओळखून १९६३ पासून "सुमीत" हा अधिक शक्तीचा देशी मिक्सर तयार होऊं लागला, आणि पाटावरवंटा भिंतीस टेकला.

या उपकरणांनीं स्त्रीचा वेळ वांचविला हें सर्वच सांगतात. त्यांनीं तिचें बसणेंही बदललें, हें क्वचितच कोणी सांगतो. चूल, जातें, पाटा, उखळ आणि विळी हीं सर्व जमिनीवरचीं साधनें. त्यांच्यामुळें स्त्री जन्मभर बसून, वांकून काम करी, आणि तिच्याजवळ दुसरी येऊन बसे. शेगडी आणि मिक्सर ओट्यावर चढले, आणि स्त्री उभी राहिली. ओट्यापाशीं एकटीच उभी राहते. पाठीचें दुखणें कांहींसें हललें, पण समोरची जागा रिकामी झाली. वाटण दोन मिनिटांत होतें, आणि त्या दोन मिनिटांत यंत्राचा आवाज असा असतो कीं गाणें तर राहोच, हांक मारलेलीही ऐकूं येत नाहीं. उखळावरून जात्यावर गेलेली ओवी तेथून पुढें कोठें जाऊं शकली नाहीं, याचें कारण आमच्या मतें हेंच होय. लांब, लयबद्ध आणि दोघींचें असें काम घरांत उरलें नाहीं.

(६)

या विवेचनावरून आम्ही यंत्रांचे विरोधक आहों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. हातदळणाचा पुरस्कार गांधीजींनीं केला, आणि १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानेंही केला. जोहान्सबर्ग येथें सात पौंडांस हातजातें आणल्याची हकीकत गांधीजींनीं आत्मचरित्रांत दिली आहे. तें फिरविण्यास ते स्वतः, पोलक आणि मुलें असत; कस्तुरबा अधूनमधून हात लावीत. म्हणजे तेथें व्रत घेणाऱ्यानेंच खुंटा धरला होता. आमच्याकडे जे जुन्या जात्याचें गुणगान करतात त्यांपैकीं किती पुरुषांनीं पहाटे चारास तो धरला होता, हें त्यांनीं स्वतःस विचारावें. खुद्द ओव्यांमध्येंच जात्याच्या भाराविषयीं इतकी तक्रार आहे कीं, ज्यांनीं त्या रचिल्या त्यांनीं गिरणीचें स्वागत केलें यांत नवल नाहीं. मातोश्रींस आम्हीं एकदां विचारलें कीं, जातें गेल्याचें वाईट वाटलें का? त्या म्हणाल्या, "अरे, गिरणी आली त्या दिवशीं मीं देवापुढें साखर ठेवली."

तेव्हां प्रश्न दगड परत आणण्याचा नाहीं. त्यावर जें साठलें होतें तें उतरून घेण्याचा आहे. हें कार्य कांहींनीं फार थोर प्रमाणावर केलें आहे. साने गुरुजींनीं "स्त्रीजीवन" या नांवानें ओव्यांचा संग्रह केला. डॉ. सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्याच्या अनेक खंडांत हें धन जपलें. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनीं सहकाऱ्यांसह खेडोपाडीं फिरून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि २०१७ पासून "पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया" हा संग्रह ध्वनीसह क्रमाक्रमानें प्रसिद्ध करीत आली आहे. वस्तूंच्या बाबतींत दिनकर गंगाधर केळकरांचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. दिवे, अडकित्ते, भांडीं अशा घरगुती वस्तु त्यांनीं घरोघरीं फिरून मिळविल्या, आणि तो संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मात्र वस्तूंचा संग्रह एकीकडे आणि ओव्यांचा दुसरीकडे, अशी फारकत बहुधा होते. ती होऊं नये असें आम्हांस कां वाटतें, तें सांगून हा लेख पुरा करूं.

(७)

मातोश्री सत्तरीच्या झाल्यावर त्यांच्या ओव्या लिहून घ्याव्या असें आमच्या मनांत आलें. त्यांस खुर्चीवर बसवून, वही घेऊन आम्हीं विचारण्यास आरंभ केला. दोन दिवसांत अकरा ओव्या मिळाल्या. त्यांतील चार तुटक होत्या. त्या म्हणाल्या, "असें बसून कसें आठवेल?" तेव्हां शेजाऱ्यांकडून जातें आणून जमिनीवर मांडलें आणि मूठभर जोंधळे दिले. खुंट्यास हात लागतांच ओवी आली, आणि तिच्यामागून दुसरी. लिहून घेण्यासाठीं थांबा म्हटलें कीं हात थांबे, आणि हात थांबला कीं ओवीही थांबे. शेवटीं मुलाचा टेपरेकॉर्डर जवळ ठेविला. तीन पहाटे मिळून चौऱ्याहत्तर ओव्या निघाल्या. चौथ्या दिवशीं त्यांच्या खांद्यानें साथ दिली नाहीं, आणि पुढें तो योग पुन्हा आला नाहीं. चुलती त्यापूर्वींच वारल्या होत्या. दोघी मिळून ज्या ओव्या म्हणत त्यांतील त्यांचा अर्धा भाग मातोश्रींस ठाऊक नव्हता. तेथें त्या नुसतें जातें फिरवीत आणि पुढें जात. ध्वनिफितीवर त्या ठिकाणीं केवळ दगडाची घरघर आहे.

आम्हांस यांतून हें समजलें कीं, जातें हें त्या ग्रंथाचें वेष्टन तर होतेंच, शिवाय त्याची अनुक्रमणिकाही होतें. तें समोर नसेल तर ग्रंथ उघडत नाहीं. आणि तो वांचला तोही घरांतल्या एका यंत्रामुळेंच, हेंही विसरतां येत नाहीं.

म्हणून वाचकांस विनंति अशी. आपण पोथ्यांच्या शोधांत ज्या घरीं जातां, तेथें माळ्यावरून उतरल्यावर थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराशीं बसावें. जातें, उखळ, पाटा कोठें आहे, माप काय, दगड कोठला, टाकी कोण लावीत असे, गिरणी कोणत्या सालीं आली, दळण किती व कोण दळी, हें टिपावें. घरांत ज्या स्त्रीनें जातें ओढलें असेल अशी कोणी हयात असल्यास, जातें मांडून मग विचारावें. शक्य तर तिची जोडीणही बोलावून आणावी.

कृष्णाकांठच्या त्या वाड्यास आम्ही गेल्या उन्हाळ्यांत पुन्हा गेलों. त्या वृद्ध बाई राहिल्या नव्हत्या. यजमानांच्या अनुज्ञेनें पायरीच्या दगडाचें माप घेतलें. व्यास एक हात, जाडी चार बोटें, कडेस खुंट्याची खांच, आणि वरच्या अंगास हात फिरून फिरून आलेली चकाकी. आमच्या संग्रहाच्या नोंदवहींत त्या घरच्या अमरकोशाखालीं त्यास स्वतंत्र क्रमांक दिला आहे. "कर्त्री" या रकान्यांत "घरांतील स्त्रिया" असें लिहिलें. "विषय" हा रकाना मात्र रिकामा ठेवावा लागला.